ए, ॲन, द आणि अण्णा

अण्णा म्हणायचे, इंग्रजीतलं नाम आणि आपल्याकडचा जुना माणूस, दोघंही उघड्या डोक्यानं घराबाहेर पडत नाहीत. बुक एकटं दिसलं की त्याला टोपी घाला. ए बुक म्हणा, नाहीतर द बुक म्हणा, पण उघडं सोडू नका. मुखेड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आख्खी नोकरी हे सांगण्यात घालवली. मी त्यांची मुलगी आणि त्यांची विद्यार्थिनीही. आता लातुरात आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते, म्हणजे त्याच टोप्या अजून वाटते आहे. लातूर म्हटलं की लोकांना मोठमोठे क्लास आठवतात, चौकाचौकांत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो आठवतात. माझं तसलं काही नाही. तिथे ज्यांना कुणी घेत नाही, किंवा ज्यांच्या घरच्यांना तिथलं झेपत नाही, ती मुलं माझ्याकडे येतात. समोरच्या खोलीत थोडे बाक आहेत आणि एक फळा आहे.

मराठी माणसाला ही टोपीची भानगड का कळत नाही याचं उत्तर सोपं आहे. आपल्याला गरजच पडत नाही. "पाहुणा आला" म्हटलं की झालं. कोण पाहुणा, ओळखीचा की नवा, ते ऐकणाऱ्यानं आवाजावरून ओळखायचं. इंग्रजाला तेवढा भरवसा नाही, तो आधी विचारतो, तुला ठाऊक असलेला का नसलेला? अण्णा वर्गात सांगायचे, "पोरगी बघायला पहिल्यांदा आला तो ए पाहुणा. पसंती कळवायला दुसऱ्यांदा आला तो द पाहुणा. आन् लग्न झाल्यावर आला तर?" मग स्वतःच सांगायचे, "तर तो जावई. त्याला काय लावायचं ते सासूला इचारा." हे शेवटचं व्याकरणात कुठं बसत नव्हतं, पण पोरं हसायची आणि हसलेलं त्यांच्या लक्षात राहायचं.

त्यांच्या शिकवण्याची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. शाळेला खोल्या कमी. एकाच खोलीत सहावी आणि सातवी, मधे साधा पडदा नाही, दोन्ही वर्गांची तोंडं विरुद्ध भिंतींकडे. इकडे अण्णांची पोरं ओरडली की तिकडे गणिताच्या सरांच्या पोरांची गणितं चुकायची. दोघा सरांची त्यावरून चांगली जुंपायची. शेवटी अण्णांनी ओरडणं बंद केलं आणि हात आणले. ते फक्त नाम म्हणायचे, तेही हळू. पोरांनी तोंड न उघडता हात वर करायचा. एक बोट म्हणजे ए. दोन बोटं म्हणजे ॲन. उघडा पंजा म्हणजे द. आणि झाकलेली मूठ म्हणजे काहीच नको, टोपीशिवाय जाऊ दे. सन म्हटलं की सगळ्या वर्गाचे पंजे, कारण सूर्य सगळ्यांना ठाऊक असलेला एकच. एग म्हटलं की दोन बोटं. वॉटर म्हटलं की मुठी, कारण जे मापानं मिळतं, नगानं मिळत नाही, त्याला एकाची टोपी कशी बसणार. मुखेड म्हटलं की पुन्हा मुठी, कारण आपल्या गावाच्या नावाला टोपी घालायची पद्धत नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबाला वाटलं होतं, ही मुक्या मुलांची शाळा आहे.

नियमांना भोकं होती, ती मला कॉलेजात गेल्यावर दिसली. युनिव्हर्सिटीला ते शेवटपर्यंत ॲन लावत राहिले. मी म्हणायचे, अण्णा, अक्षर बघायचं नसतं, उच्चार ऐकायचा असतो. तोंडातून य निघतोय, मग तिथं ए.

"पुस्तकात यू लिवलाय का न्हाई? यू स्वर हाय का न्हाई? मग?"

मी तासाच्या अवरचं उदाहरण द्यायचे, पहिलं अक्षर एच असून ॲन.

"तो अपवाद हाय."

"मग हाही अपवाद समजा."

"तुझ्या युनिव्हर्सिटीला तू ए लाव. माझ्या युनिव्हर्सिटीला ॲन राहू दे, तिला सवय झालीय."

आमचं भांडण असं संपायचं, म्हणजे संपायचंच नाही. त्यांच्यासारखा हट्टी माणूस तालुक्यात नाही आणि माझ्यासारखी हट्टी पोरगी जिल्ह्यात नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मी त्यांच्याच वर्गात होते, पण शाळेत मी त्यांची मुलगी नव्हते. तिथे ते मला पटावरच्या नावानं, आडनावासकट हाक मारायचे आणि मी चुकले तर इतरांपेक्षा जास्त झापायचे. शाळा सुटली, घराच्या गल्लीत वळलो की मग घरचं नाव यायचं. ते नाव फक्त अण्णांच्या तोंडात होतं. आईसुद्धा मला शाळेतल्याच नावानं हाक मारते. ते नाव इथे लिहीत नाही. ते हाकेचं आहे, छापायचं नाही.

थोड्या वर्षांपूर्वीची गोष्ट, दिवाळी होऊन गेली होती. अण्णा रिटायर होऊन बराच काळ झालेला. मुखेडच्या आठवडी बाजारात वांगी घेताना त्यांना वांगी हा शब्द सापडेना. भाजी विकणाऱ्या बाईसमोर पिशवी उघडून उभे, बोट वांग्यांवर, तोंड उघडं, आवाज नाही. तिला वाटलं, सरांना भाव पटेना. ती एकटीच भाव उतरवत गेली. शेवटी वैतागून म्हणाली, "न्या सर, फुकट न्या," तेव्हा अण्णांच्या हातातली पिशवी गळून पडली आणि उजवा पाय दुमडला. हे तिनंच नंतर आईला सांगितलं. तिला वाटत होतं, आपण बोललो म्हणून झालं.

नांदेडला नेलं. मी लातूरहून पोचले तोवर डॉक्टरांनी सगळं बघून ठेवलं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूचं रक्त थांबलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, बरंचसं कळतं, पण शब्द बाहेर पडत नाही. मी विचारलं, येईल का परत? ते म्हणाले, थोडंफार येईल, दुसरा झटका आला नाही तर.

इंग्रजीत एक बारीक फरक आहे, तो मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. पोरगं शिकायला शाळेत जातं तेव्हा टु स्कूल, टोपी नको. त्याचा बाप सरांना भेटायला जातो तेव्हा टु द स्कूल. दवाखान्याचंही तसंच. जो आजारी म्हणून पडलाय तो इन हॉस्पिटल, आणि त्याला भेटायला आलेले ॲट द हॉस्पिटल. वर्गात हे मी हसत सांगत असे. नांदेडच्या त्या दवाखान्याच्या पायरीवर आईशेजारी बसले तेव्हा मला या नियमाचा संताप आला. कसले भेटायला आलेले. अण्णा आत खाटेवर पडले होते आणि आम्ही बाहेर पायरीवर पडलो होतो, एवढाच काय तो फरक. आईनं डबा उघडला नव्हता. समोरून केळीवाला ओरडत गेला आणि मला त्याचाही राग आला.

बोलणं शिकवणारी एक तरुण मुलगी यायची. चित्रं दाखवायची. कप, पोपट, घड्याळ. "काका, हे काय आहे?" अण्णा चित्राकडे बघायचे, मग तिच्याकडे. ओठ हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. जन्मभर दुसऱ्यांना व्हॉट इज धिस विचारणारा माणूस. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायचे. एक दिवस ती मुलगी मला म्हणाली, "ताई, चित्रं राहू द्या. यांच्या तोंडात आयुष्यभर रोज जे होतं ते म्हणून बघा. आरती, पाढे, गाणं, काहीही. कधी कधी तेवढं शाबूत राहतं." आईनं आरती म्हटली. पण अण्णांनी आरती कधी धड म्हटलीच नव्हती, ते प्रसादाच्या वेळेला यायचे. पाढ्यांनी काही झालं नाही. शेवटी मी, काही ठरवून नाही, खाटेवर वाकून म्हटलं, "सन."

डावा हात चादरीवरून हळूच उठला आणि पंजा उघडला.

"एग." दोन बोटं. "वॉटर." मूठ. मग मला राहवलं नाही. "युनिव्हर्सिटी," मी म्हटलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं काढली, चांगली ताठ. आई आणि मी हसायला लागलो आणि हसता हसता मी इतकी रडले की नर्स धावत आली.

मुखेडच्या घराला कुलूप लावून दोघांना लातूरला आणलं. माझ्या संसाराचं इथे सांगत नाही. तो बरा चालला आहे, आणि नवऱ्यानं अण्णांसाठी स्वतःची खोली एका शब्दानं सोडली, एवढं पुरे.

घरात हातांची बोली सुरू झाली. पंजा म्हणजे ते, जे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. चहाच्या वेळेला पंजा दाखवला की आलं घातलेला, बशीत ओतलेला, त्यांचा तो चहा. एक बोट म्हणजे कुठलंही चालेल. मूठ म्हणजे काही नको, जा. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण ती हे माझ्याआधी शिकली. संध्याकाळी पंजा दिसला की ती शाल आणायची, तीच, काठ उसवलेली. मी नवी नेऊन दिली की मूठ मिळायची.

"अगं, त्यांनी पंजा दावलाय, बोट न्हाई," आई मला म्हणायची. "एवढी शिकलीस आन् त्यांची शाल तुला कळंना व्हय?" मग त्यांच्याकडे वळून, "लई लेकरांना गप बसवलंत. आता बसा तुम्ही."

अण्णा हसायचे. अर्धंच हसू यायचं, डाव्या बाजूनं. वर्षानुवर्षं शिकवूनही मला द तेव्हा नीट समजला. एकट्या माणसाला द म्हणता येत नाही. समोरच्यालाही तेच ठाऊक असावं लागतं, आणि आपल्या घरात ते किती होतं, हे मी आधी कधी मोजलं नव्हतं. आई आणि अण्णांमधे तर सगळं घरच पंज्याचं होतं.

मला एकच पाहिजे होतं. त्यांनी मला हाक मारावी, त्या नावानं. बाकी कशालाही मी तयार होते. हात उठला नाही तरी चालेल, भरवीन. चालले नाहीत तरी चालेल, उचलीन. पण मी बाहेरून आले की आतून ती हाक यावी, एकदा तरी. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर बसायचे, स्वतःच्या छातीवर हात ठेवायचे आणि वाट बघायचे. अण्णा विचार करायचे आणि मूठ दाखवायचे. माणसाच्या नावाला टोपी नको. उत्तर बरोबर होतं. मला उत्तर नको होतं, नाव पाहिजे होतं.

नांदेडच्या त्या बोलणं शिकवणाऱ्या मुलीनं फोनवर सांगितलं, त्यांना त्यांच्या सवयीच्या कामात बसवा. म्हणून दुपारच्या शिकवणीला मी फळ्याशेजारी खुर्ची टाकली. पोरांना म्हटलं, हे माझे सर. पहिले काही दिवस पोरं बिचकली, मग हात शिकली. मी नाम म्हणायचे, पोरं हात वर करायची, अण्णा सगळ्यांवर नजर फिरवायचे आणि चुकलेल्या बोटाकडे काठी रोखायचे. आमच्या पोरांची एक खोड आहे. आधी कशालाच काही लावत नाहीत, आणि एकदा लावायला लागली की दिसेल त्याला द. द लातूर इज द माय सिटी. असलं वाक्य कानावर पडलं की अण्णांच्या चेहऱ्यावर जुना राग यायचा. तो बघून मला फार बरं वाटायचं.

आणि शब्द आले. पहिला उन्हाळ्यात आला. मी सन म्हटलं, पंजा उठला आणि त्याबरोबर आवाजही आला, द. जड, ओला, पण द. मग ए आला. मग एका सकाळी चहा. मग आईला "अगं" आलं. आईनं ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसली. मग पाणी, नको, बस, भाकर. दूधवाल्याला "ये" आलं. शेजारच्या कुत्र्याला अण्णांनी त्याचं नाव घेऊन हाकललं, त्या दिवशी मी आईवर उगाच चिडले.

"कुत्र्याचं नाव येतंय त्यांना. माझं येत नाही."

"कुत्रं भुकतंय, तू भुकत न्हाईस. दम धर."

"किती धरू?"

"हे बघ बाई, जे वर ठेवलेलं आसतंय ते आधी हाताला लागतंय. तुझं नाव त्यांनी लई आत ठेवलंय. म्हणून उशीर लागून राहिला."

मी तेवढ्यावर महिने काढले. माझा दम कमी, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या वाक्यावर मी धरला.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी अण्णा उठले आणि मोरीचं दार समजून कपाटाचं दार उघडून उभे राहिले. तोंड वाकडं झालं नव्हतं, हातपाय होते तसेच होते. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून बघितले आणि म्हणाले, बारीक झटका येऊन गेलेला दिसतो, एखादा आधीही आला असेल, झोपेत कळला नसेल. "बोलणं अजून सुधारेल," ते म्हणाले, "बाकीचं मात्र सांगता येत नाही." बाकीचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. बोलणं सुधारेल एवढं मी उचललं आणि घरी आले.

ते सुधारलंही. एका शब्दाचे दोन झाले, दोनाचे तीन. पण वर्गात. फळा समोर असला की शब्द यायचे, घरात यायचे नाहीत. घरात पंजाही कमी झाला. चहाला एक बोट, शालीला एक बोट. आई म्हणाली, बरं झालं, हट्ट गेला, आता काय बी चालतंय. मीही तसंच धरलं. त्याच सुमाराला अण्णा एक दिवस फळ्याशेजारच्या खुर्चीवरून उठले आणि काठी टेकत पहिल्या बाकावर पोरांशेजारी जाऊन बसले. मी म्हटलं, "काय अण्णा, बढती का बदली?" पोरं हसली, अण्णाही हसले. काही दिवसांनी ते शेवटच्या बाकावर गेले. मी नाम म्हटलं की पोरांबरोबर त्यांचाही हात उठायचा. एकदा मी फळ्यावरून वळले तर ते शेजारच्या पोराचं बोट बघून आपलं बोट बदलत होते. मी परत फळ्याकडे वळले आणि पुढचं वाक्य लिहिलं.

मग मुखेडहून गणिताचे सर भेटायला आले, ज्यांच्याशी अण्णांची जन्मभर जुंपली तेच. शेतातल्या तुरीच्या शेंगा घेऊन आले होते. अण्णांना मिठी मारून स्वतःच रडले. मग वातावरण हलकं करायला माझ्याकडे हात करून म्हणाले, "आन् ही कोण हाय, सांगा बरं सर?"

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. सभ्यपणे, बसस्टँडवर समोर बसलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं. मग डावा हात वर केला आणि एक बोट दाखवलं.

"एक नंबर," गणिताचे सर खूश झाले. "बरोबर हाय. अशी लेक एक नंबरच."

मी चहा टाकते म्हणून आत गेले. आई गॅसपाशी उभी होती. तिनं दारातून बघितलं होतं. ती माझ्याकडे बघेना आणि मी तिच्याकडे. कुणीतरी एक बाई, असं म्हणाले होते अण्णा. दूध उतू गेलं आणि दोघींपैकी कुणीही गॅस बंद केला नाही.

पाहुणे गेल्यावर मी आईवर तोंड सोडलं. "तूच म्हणालीस आत ठेवलंय. कुठाय आत?"

"मग काय म्हणू तुला? न्हाई येणार म्हणू?" आईचा आवाज चढला. "त्यांनी शाळेत तुला त्या नावानं कधी हाक मारली होती का? एकदा तरी? मग शाळेत बसवून का मागतीस त्यांच्याकडं? तू समदं घर शाळा करून टाकलंस."

पण माझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. फळा काढला असता तर त्यांचं बोलणंही गेलं असतं. शब्द यायचे ते तिथेच. आम्हा बापलेकींना दुसरं येतं काय? वर्ग घेणं आणि वर्गात बसणं. ज्या जागी तो माणूस बोलत होता त्या जागी मी त्याला जास्त वेळ बसवलं, सकाळीसुद्धा. तहान लागलेला माणूस नळ सोडून जात नाही. मी बसवत राहिले, नाम म्हणत राहिले, आणि प्रत्येक नव्या शब्दाला मला वाटायचं, यानंतरचा माझा.

थंडीचे दिवस होते. दुपारची शिकवणी सुटली, पोरं सायकली काढून ओरडत गेली. अण्णा शेवटच्या बाकावर तसेच बसून होते. मी फळा पुसत होते. मागून आवाज आला. स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. त्या बाजाराच्या दिवसापासून मी त्यांचं पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं.

"गुरुजी, म्या जाऊ का घरी?"

मी वळले. बाकाला धरून ते उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. अण्णांना सगळी पोरं सर म्हणायची. गुरुजी हा शब्द त्यांच्या स्वतःच्या लहानपणचा, गावच्या शाळेत ते पाटी घेऊन बसायचे तेव्हाचा.

"समदी पोरं गेली," ते म्हणाले. "माय वाट बघून राहिली आसंल."

त्यांची माय मी पाहिलेलीही नाही. अण्णा बारके होते तेव्हाच ती गेली. आई आवाज ऐकून दारात आली होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी अण्णांजवळ गेले. त्यांचा आवाज जुनाच होता, मला हाक मारायचा तोच. मी त्यांच्यासमोर माझं ते नाव घेतलं. माझ्या स्वतःच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. परत घेतलं, मोठ्यानं. परत. अण्णा घाबरले. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून त्यांनी मान खाली घातली. "चुकलं गुरुजी," म्हणाले, "उद्या पाठ करून येतो."

मी बाकावर बसले आणि म्हटलं, "जा."

"जाऊ?"

"जा. तुझी माय वाट बघत असेल."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. अण्णांचा चेहरा उजळला. नांदेडच्या खाटेपासून आजवर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. काठी विसरून ते पाय ओढत निघाले, दारात आईला बघून बाजूला झाले, मोठ्या माणसाला वाट देतात तसे. आईनं पदर खाली केला, चपला घातल्या आणि त्यांचा हात धरला.

"चल लेकरा," ती म्हणाली, "म्या बी तिकडंच चालले."

ते तिच्याबरोबर निघाले. फाटकातून बाहेर पडताना अण्णा थांबले आणि वळून त्यांनी मला नमस्कार केला. उजवा हात उठत नाही, म्हणून डाव्यानंच केला.